मुलं आणि श्वान : थोडक्यात

थेरपी श्वान : शांत स्वभावाचा, चाचणी घेतलेला, सर्व लसी झालेला. शाळेत किंवा रुग्णालयात अनेक मुलांना भेटतो. त्याला हाताळणारा (हँडलर) कायम सोबत.

सहायक श्वान : एकाच व्यक्तीसाठी प्रशिक्षित, उदा. अंधांचा मार्गदर्शक श्वान. घरचा लाडका मोती या दोन्हींत बसत नाही.

श्वान-थेरपीची सुरुवात : अमेरिकी बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन. त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीत असला, की अबोल मुलं मोकळी होत. त्यावरचा त्यांचा लेख १९६२ चा.

वाचनसोबती : ‘रीड’ उपक्रम, सॉल्ट लेक सिटी, १९९९. मूल कुत्र्याशेजारी बसून त्याला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवतं. जोडाक्षराला अडखळलं तरी श्रोता चूक काढत नाही, हसत नाही, घड्याळ बघत नाही. धीटपणा वाढतो, ताण हलका होतो. वाचनाचा वेग सुधारतो याचा पुरावा मात्र अजून तोकडा.

आपल्याकडे : मुंबई-ठाणे परिसरात ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’, संस्थापक मानसतज्ज्ञ मिनल कविश्वर. विशेष मुलांसोबत काम.

बऱ्हाणपूरच्या पालकांसाठी : गल्लीतला ओळखीचा कुत्रा म्हणजे थेरपी श्वान नव्हे. तो खात, झोपलेला किंवा पिलांजवळ असेल तर मुलांनी हात लावू नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये, स्तब्ध उभं राहावं.

चावल्यास : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी. हळद, मिरची, चुना लावू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं; रेबीजची लस तिथे मोफत मिळते.