दाराबाहेरचे घर

इंदूरच्या महाराष्ट्रीय कुटुंबांची राहणी किती पालटली, हे आपल्या सभासदांच्या पत्त्यांवरून सहज दिसते. पूर्वी रामबाग, मल्हारगंज अशा भागांत ‘अमक्यांचा वाडा’ एवढे सांगितले की पाहुणा घरी पोचत असे. आज पत्त्यात मजला व फ्लॅटचा क्रमांक लिहावा लागतो. इंदुरी बोलीत ज्यांना ‘मल्टी’ म्हणतात, अशा इमारतींत आपली पुष्कळ कुटुंबे राहावयास गेली आहेत. घर बदलले, घराविषयीची समजूत मात्र वाड्यातलीच राहिली, असे आम्हांस वाटते.

वाड्याला एक धनी असे. कौले शाकारायची, आडातला गाळ काढायचा, पडलेली भिंत उभी करायची, हे तोच ठरवी आणि खर्चही तोच सोशी. बिऱ्हाडकरू गाऱ्हाणे सांगून मोकळे होत. मल्टीत असा एक धनी नाही; तेथे सगळेच धनी आहेत. आणि सगळ्यांचे काम ते कोणाचेच नव्हे, हा आपला जुना अनुभव! जिन्यातला दिवा विझलेला राहतो, टाकी धुतली जात नाही, गच्चीला तडे जातात, आणि प्रत्येक जण आपल्या उंबरठ्यापर्यंत झाडून आत वळतो. यास्तव आपण विकत काय घेतले आणि सांभाळावयाचे काय, याचा थोडा खुलासा येथे करीत आहोत.

आपल्या राज्यात यासाठी मध्यप्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम, 2000 हा कायदा आहे. प्रकोष्ठ म्हणजे आपला फ्लॅट. अशा मालकीत घेणाऱ्यास दोन गोष्टी मिळतात. पहिली, भिंतींच्या आतली जागा. दुसरी, जमीन, पाया, खांब, छत, जिने, लिफ्ट, टाक्या व अंगण यांतील अविभक्त हिस्सा. हा हिस्सा बोट ठेवून दाखविता येत नाही, वाटून घेता येत नाही आणि फ्लॅटपासून तोडून विकताही येत नाही. म्हणजेच दाराबाहेरचा जिनाही आपल्याच घराचा भाग होय. मग मेंटेनन्सची रक्कम हे भाडे नव्हे, देणगी नव्हे, आणि रहवासी संघावर केलेला उपकार तर मुळीच नव्हे. आपल्याच मालमत्तेवर केलेला तो खर्च आहे.

या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव जुना आहे. मुंबईस गावदेवी येथे 1915 सालीच सारस्वत सहकारी गृहरचना संस्था स्थापन झाली होती. एवढ्या वर्षांच्या वहिवाटीतून तेथील सहकारी संस्थांसाठी आदर्श उपविधी तयार झाले. ते इंदूरला बंधनकारक नाहीत. पण आपल्या संघाचे नियम करताना वाटाड्याचे काम निश्चित करतील.

“आम्ही तळमजल्यावर राहतो, लिफ्टचा पैसा का द्यावा?” हा नेहमीचा प्रश्न. त्या उपविधींचे उत्तर असे की, ज्या इमारतीत लिफ्ट आहे तेथील सर्व सभासदांनी, वापर असो वा नसो, तिचा खर्च सारखा सोसावा. “मुलगा परदेशी, आम्ही पुण्यास, घर कुलपात,” हे दुसरे म्हणणे. महाराष्ट्राच्या 1970 च्या प्रकोष्ठ मालकी कायद्यात स्पष्टच आहे की, सामाईक सोयी वापरावयाचे सोडले, किंवा फ्लॅटच सोडून दिला, तरी खर्चातून सुटका नाही. यात न्याय आहे. तळमजल्याने लिफ्ट नाकारली, तर मधला मजला गच्ची नाकारील. गच्ची गळते ती वरच्याच घरात. तेथे एखादे वृद्ध दांपत्य भर पावसाळ्यात बादल्या मांडून बसते. पण गच्ची ही साऱ्या इमारतीची छत्री आहे. म्हणून गच्चीतून व सामाईक नळांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती, वरच्या घरातील छताच्या गिलाव्यासह, संस्थेने करावी, असा त्या उपविधींचा दंडक आहे. उलट, आपल्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी झिरपत असेल, तर तो खर्च आपला.

तिसरी गोष्ट म्हणजे शिल्लक. समजा, 16 फ्लॅटच्या इमारतीत गच्चीच्या कामास 3,20,000 रुपये लागले. प्रत्येकी 20,000 रुपये एकाएकी मागितले की निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराची ओढाताण होते आणि सभेत भांडण जुंपते. तेच दहा वर्षे दरमहा सुमारे 167 रुपये बाजूस पडले असते, तर कोणास जाणवलेही नसते. महाराष्ट्रातील उपविधींत यासाठी दोन निधी आहेत. जमिनीची किंमत वगळून बांधकामाच्या खर्चावर दरसाल किमान पाव टक्का बुडीत निधीसाठी आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी घेतात. शिवाय 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा जाणत्या अभियंत्याकडून करून घेतात.

ज्यांच्या इमारती नव्या आहेत त्यांनी 2016 चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे ‘रेरा’, ध्यानात ठेवावा. बांधणाऱ्याने रहिवाशांचा संघ होऊ दिला पाहिजे, आणि सामाईक जागा व इमारतीचे नकाशे त्या संघाच्या हवाली केले पाहिजेत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष आढळल्यास तो त्याने विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. पण हाच कायदा संघ स्थापन करण्यात भाग घेणे हे घर घेणाऱ्याचेही कर्तव्य मानतो. संघच नसेल, तर हे सारे मागणार कोण?

संघ म्हणजे तरी दुसरे कोण? आपणच. तेव्हा नियमांची प्रत घरात असावी, वार्षिक सभेस एकाने तरी जावे, हिशेब मागावा, आणि तो मागितला म्हणून कार्यवाहांनी राग मानू नये. खांबास किंवा तुळईस हात लावण्यापूर्वी संघाची लेखी संमती व अभियंत्याचा सल्ला घ्यावा. तो भार आपल्या एकट्याच्या घराचा नसतो.

सामाईक जागेचा अभिमान इंदूरला नवा नाही. 1917 साली नगररचनाकार पॅट्रिक गेडिस दरबाराच्या कामासाठी येथे होते. प्लेगचे ते दिवस. त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जाहीर केले की, ज्या मार्गावरील घरे अधिक स्वच्छ व नीट डागडुजी केलेली दिसतील, त्याच मार्गाने ती जाईल. लोक झपाट्याने कामास लागले. त्याच शहराने 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत देशात पहिला मान मिळविला. ज्या नगरीने रस्ता आपला मानला, तिच्या रहिवाशांना जिना आपला मानणे जड जाऊ नये. या महोत्सवाच्या मंगल प्रसंगी सभासदांपाशी आमचे एवढेच मागणे आहे.