दातांचा ‘सोळा’चा फंडा!

लग्न ठरलं किंवा नवी नोकरी लागली, की हल्ली फेशियलबरोबर दातांचीही अपॉइंटमेंट घेतली जाते. मीरा रोड असो की भाईंदर, डेंटल क्लिनिकच्या बोर्डावर ‘स्माइल डिझाइन’ हमखास दिसतं. मोबाइलवर हिरोचा फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, ‘डॉक्टर, अस्सेच दात हवेत!’ पण थांबा बॉस, ते तुमच्या चेहऱ्याला शोभतील?

या प्रश्नाचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेरी नावाच्या दंतवैद्याने हिशेब मांडला: दोन्ही गालांच्या हाडांमधली रुंदी भागिले १६, म्हणजे वरच्या मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी. चेहरा १३६ मिलिमीटर, तर दात साडेआठ. १९१४ मध्ये जे. लिऑन विल्यम्स यांनी त्यात भर घातली: चेहरा उलटा केला की दाताचा आकार मिळतो, चौकोनी, निमुळता किंवा अंडाकृती. कवळी बनवणाऱ्यांना हे वरदानच वाटलं. तोंडात एकही दात नसला तरी गालाची हाडं मोजता येतातच ना!

गंमत म्हणजे पुढे ठिकठिकाणी मोजमापं झाली, तेव्हा हे नातं बरंच सैल निघालं. सरासरी जुळते, प्रत्येक माणूस जुळेलच असं नाही. सातव्या-आठव्या वर्षी पटाशीचा दात येतो तो पूर्ण मापाचाच. नंतर तो रुंद होत नाही. चेहऱ्याची हाडं मात्र पुढे दहाएक वर्षं वाढतात. म्हणून तर दुसरीतल्या पोराचे दात सशासारखे दिसतात आणि कॉलेजात जाईपर्यंत तेच दात चेहऱ्यात ‘फिट’ बसतात.

म्हणूनच नुसत्या फॉर्म्युल्यावर भरवसा नको. व्हिनिअर बसवताना बऱ्याचदा इनॅमल घासावं लागतं. केस, नखं परत वाढतात, इनॅमल नाही.

खुर्चीत बसण्याआधी
* दात घासण्यापूर्वी तात्पुरता मॉक-अप लावून मागा. हसा, सेल्फी काढा, ‘फ’ आणि ‘व’ म्हणून बघा.
* दाताची रुंदी लांबीच्या साधारण ७५ ते ८० टक्के असली की नजरेला बरी वाटते.
* आई-बाबांची कवळी करायचीय? त्यांचा दात असतानाचा हसरा फोटो घेऊन जा. गालाच्या हाडांपेक्षा तो जास्त सांगतो.
* शंका आहे? लोकल पकडा. मुंबई सेंट्रलला नायर डेंटल कॉलेज आहे. सेकंड ओपिनियन घ्या.

सोळाचा पाढा डॉक्टरांना पाठ असू दे. आरशात हसणारा माणूस तुमच्या ओळखीचा वाटतोय ना, एवढं तुम्ही बघा!