गोव्यात ‘फूल’ जिंकलं असतं तर...

इतिहासात ‘जर-तर’ला अर्थ नसतो, असं आपण वर्गात ऐकतो. पण एखादा ‘जर’ नीट विचारला, तर जे घडलं तेच जास्त कळतं, असं मला वाटतं. माझा ‘जर’ गोव्याचा आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात भाऊसाहेब बांदोडकर जिंकले असते तर?

आधी घडलं काय ते पाहू. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला. १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. भाऊसाहेब खाणमालक होते, पण बहुजनांना ते आपले वाटायचे. गावोगावी मराठी शाळा निघाल्या, कुळांसाठी कायदा झाला. ‘गोवा महाराष्ट्रात विलीन करू’ हे त्यांच्या पक्षाचं मुख्य वचन होतं. विरोधात होते डॉ. जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स पक्ष.

आपल्या घटनेत असा कौल घेण्याची तरतूद नाही. कलम ३ प्रमाणे राज्यांच्या सीमा संसद ठरवते. म्हणून संसदेनं डिसेंबर १९६६ मध्ये खास कायदा केला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारनं राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती: विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि वेगळं राहण्यासाठी ‘दोन पानं’.

फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा. म्हणजे फक्त १७,०११ माणसांनी दुसऱ्या चिन्हावर शिक्का मारला असता, तर आज नकाशावर गोवा नावाचं राज्य नसतं!

हा निकाल फक्त ख्रिस्ती मतांमुळे लागला, असं काही जण म्हणतात. ते खरं नाही. गोव्यात हिंदू बहुसंख्य होते, त्यामुळे बऱ्याच हिंदूंनी दोन पानं निवडल्याशिवाय हा आकडा गाठताच आला नसता. गंमत म्हणजे विलीनीकरणाविरुद्ध जोरात लढणारं ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीच होतं. उदय भेंब्रे त्यात ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहायचे. म्हणजे मराठी वाचणाऱ्याला मराठीतूनच सांगितलं जात होतं, की महाराष्ट्रात जाऊ नका.

आता माझा ‘जर’. फूल जिंकलं असतं तर पणजीची विधानसभा गेली असती. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका जागेमागे विधानसभेच्या ६ जागा येतात. गोव्याच्या २ जागांच्या हिशोबानं आज मुंबईत त्यांचे १२ आमदार असते, २८८ जागांच्या सभागृहाएवढ्या गर्दीत. आज गोव्यात ४० आहेत. १९८७ चं घटकराज्य झालं नसतं. त्याच वर्षी कोकणी राजभाषा झाली आणि १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली, तेही बहुधा अडलं असतं. आणि खुद्द भाऊसाहेब? जिंकल्याबरोबर त्यांचं मुख्यमंत्रिपदच संपलं असतं.

मी सौंसरचा आहे, म्हणून हे आकडे मला जवळचे वाटतात. पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचे २ आमदार, मध्य प्रदेशच्या २३० मध्ये. घरात मराठी, कचेरीत हिंदी. १९५६ पर्यंत राजधानी नागपूर होती, आमच्या अगदी शेजारी. १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशातच राहिलो आणि राजधानी झाली भोपाळ. इथं ना फूल होतं, ना पानं. कोणी विचारलंच नाही.

त्यामुळे आमच्याकडचा मराठी माणूस गोव्याचा निकाल ऐकून आधी हळहळतो. मीही मराठीवर प्रेम करणाराच. पण मोठ्या राज्याच्या टोकावर राहणं म्हणजे काय, हे आम्हाला माहीत आहे, मग गोवेकरांची धास्ती आम्हाला का कळू नये? आणि फूल हरलं म्हणून गोव्यातली मराठी मेली नाही. तिथं आजही मराठी दैनिकं निघतात, जत्रेत मराठी नाटकं रंगतात.

सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. कौलानंतर अडीच महिन्यांच्या आत, मार्च १९६७ मध्ये, निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. नेता हवा, पण त्याचा हा बेत नको! एरवी निवडणुकीत आपण माणूस आणि त्याचे सगळे बेत एकाच गाठोड्यात घेतो. कौलानं ते गाठोडं सोडून दाखवलं. व्हेनेझुएलाचे ह्युगो चावेझ २००७ मध्ये घटनाबदलाचं सार्वमत थोडक्यात हरले, तेव्हा त्यातला कार्यकाळाच्या मर्यादेचा मुद्दा घेऊन २००९ मध्ये पुन्हा लोकांपुढे गेले आणि जिंकले. गोव्यात दुसरा कौल झाला नाही. ‘नाही’ म्हणजे ‘नाही’ राहिलं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, मला गोव्याच्या निकालापेक्षा त्या प्रश्नाचा हेवा वाटतो. उद्या कुठं सीमा बदलायची वेळ आली, तर ‘भाषा कोणती?’ एवढंच विचारून थांबू नये. ‘तुम्हाला काय हवं?’ हेही तिथल्या लोकांना विचारावं, आणि उत्तर आपल्या मनासारखं नसलं तरी मानावं.