पस्तिसाव्या हिश्श्याचा ट्रक

युद्धाच्या इतिहासात तोफांना नावे मिळतात आणि निवृत्त रणगाडे चौकाचौकांतील चौथऱ्यांवर विराजमान होतात. परंतु ज्याच्या हौद्यातून पीठ, पेट्रोल आणि दारूगोळा आघाडीवर पोहोचला, त्या ट्रकची आठवण क्वचितच कोणी जपतो. ही उपेक्षा काही अंशी भरून काढली आहे ती प्लास्टिकच्या प्रतिकृती जोडणाऱ्या छांदिष्टांनी. आणि ज्या मुलखात आलापल्लीचे सागवान ट्रकांवर लादून बल्लारपूरच्या आगाराकडे जाते, त्या गडचिरोली-चंद्रपुरात या छंदाला एक निराळाच आधार लाभतो, असे मला मनापासून वाटते. भाराखाली गाडी कशी बसते, कोठे घासते, कोठे धूळ धरते, हे येथे डोळ्यांना आपसूक ठाऊक होते.

या छंदातील एका अग्रगण्य कारखान्याचे मूळही लाकडाच्या वखारीतच आहे. जपानमधील शिझुओका शहरी १९४६ साली टामिया घराण्याने लाकूड कापण्याचा व विकण्याचा धंदा आरंभिला. त्यातून लाकडी जहाजे व विमाने निघाली, १९५१ च्या आगीत मालाची राख झाली, आणि कालांतराने लाकडाचा व्यापार सोडून साऱ्या कारखान्याची भिस्त प्रतिकृतींवर आली. त्यांचा प्लास्टिकचा ‘पँथर’ रणगाडा आत मोटार व बॅटऱ्या मावाव्यात एवढ्याच हिशेबाने बेतलेला होता. मागाहून मोजले तेव्हा तो मुळाच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला, आणि बॅटरीने ठरविलेले ते प्रमाण पुढे लष्करी प्रतिकृतींचे सर्वमान्य माप होऊन बसले.

या मापात जोडण्यास योग्य असे वाहन मला विचाराल तर ते अमेरिकेचा अडीच टनी, सहाही चाकांना जोर पोहोचविणारा जी.एम.सी. ट्रक होय. दुसऱ्या महायुद्धात असे पाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात फ्रान्समध्ये पुढे सरकणाऱ्या फौजांना ज्या ‘रेड बॉल’ मार्गाने अहोरात्र रसद गेली, त्यावर प्रामुख्याने हेच ट्रक धावत होते आणि त्यांचे बहुसंख्य चालक कृष्णवर्णीय सैनिक होते. आपल्या आसामातील लेडोहून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनकडे काढलेल्या रस्त्यावरही त्यांनी ओझी वाहिली. साडेसहा मीटरांची ती गाडी मेजावर साडेअठरा सेंटिमीटरांची होते.

जोडणीत सर्वाधिक वेळ द्यावा तो चॅसीला, म्हणजे जो भाग पुढे कोणालाच दिसणार नाही त्याला. दोन लांब तुळया, त्यांना सांधणाऱ्या पट्ट्या, पाटे, तीन धुरे व त्यांकडे जाणारे शाफ्ट एवढा सरंजाम बसविताना पातळ सिमेंट प्लास्टिकला विरघळवून एकजीव करते, म्हणून चूक दुरुस्त करण्यास मिळणारा अवधी फार थोडा. सांधे ओले असतानाच सांगाडा सपाट काचेवर ठेवून सहाही जागी चाके टेकतात की नाही ते पाहावे. एक चाक अधांतरी राहिले तर वरचे सारे रंगकाम व्यर्थ जाते.

रंगाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्यांचे हवामान मोठे कठोर आहे. वैशाखात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा एअरब्रशमधून सुटलेला रंग पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच हवेत वाळतो आणि अंगावर खरखरीत भुकटी बसते; आषाढ-श्रावणात, पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो त्या दिवसांत, हवेतील दमटपणामुळे लॅकर दुधाळ होतो. तेव्हा जोडणी पावसाळ्यात उरकावी आणि फवारणी कार्तिकापासून पौषापर्यंत राखून ठेवावी, हाच उत्तम बंदोबस्त. रंगाची निवडही डोळसपणे करावी: आपल्या फौजेच्या हिरव्याची सवय झालेला हात तोच उचलतो, परंतु अमेरिकी रंग मुळात काळा व पिवळी माती यांच्या मिश्रणाचा, तपकिरीकडे झुकणारा आहे, शिवाय लहान आकारावर गडद रंग अधिकच काळवंडतो, म्हणून त्यात थोडा फिका रंग मिसळावा लागतो.

त्यानंतर धूळ. येथे विकतच्या भुकटीची गरज नाही, कारण गडचिरोलीच्या रस्त्याकडेचा तांबडा मुरूम पायाशीच आहे. लेडोच्या किंवा फ्रान्सच्या मातीशी तो जुळेल असे नव्हे, पण आपल्याच जंगलात ट्रक उभा करावयाचा असेल तर याहून खरा रंग मिळणे नाही. मात्र तो जसाच्या तसा वापरू नये. अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणात पावणेदोन सेंटिमीटरांची खडी होतो! म्हणून मुरूम खलात घोटावा, मलमलीतून दोनदा गाळावा, आणि कोरड्या कुंचल्याने चाकांच्या कमानीखाली, पायरीवर, हौद्याच्या कोपऱ्यांत, जेथे वारा त्याला गोळा करील तेथेच, ठेवावा.

गंजाविषयी माझे मत कदाचित कित्येकांना रुचणार नाही. पत्र्यावर सर्वत्र तांबेरा चढविण्याची जी हौस आढळते, ती पाहणाऱ्याला भुलविते, पण गाडीवर अन्याय करते. १९४३ चा ट्रक १९४४ मध्ये दोन वर्षांचाही नसे. त्याची देखभाल करणारे हात होते, आणि त्याच्या अंगावर वार्धक्य नव्हते, श्रम होते. रंग उडालेला दाखवावा तो दाराच्या कडीपाशी, पायरीच्या धारेवर, फळीवरून पिंपे ओढली जातात तेथे. नंतर सर्वांगावर मंद झाकेचे व्हार्निश द्यावे. काचा त्यानंतरच बसवाव्यात, कारण त्या व्हार्निशने त्या धुरकट होतात.