इंजिनातली 'सकाळची शाळा' : व्हीव्हीटी कसं चालतं आणि त्याची निगा कशी राखायची



आपल्या धाराशिव जिल्ह्यात आता बऱ्याच गुरुजींच्या आणि बाईंच्या दारात चारचाकी दिसते. बहुतेकांची सेकंडहँड. स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर, एखादी होंडा सिटी. त्यातल्या कित्येक गाड्यांच्या इंजिनावर 'व्हीव्हीटी' किंवा 'व्हीटेक' अशी अक्षरं असतात. मुलं ती वाचतात आणि "सर, हे काय?" म्हणून विचारतात. मोठ्यांना मात्र ती अक्षरं तेव्हाच आठवतात, जेव्हा मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकाला असंच सांगितलं गेलं होतं. शेवटी एक बोल्ट काढून एक छोटा भाग साफ केला आणि काम भागलं. प्रत्येक वेळी एवढ्यावर सुटका होईलच असं नाही, पण आधी काय तपासायचं हे माहीत असेल तर खिसा वाचतो.

सुरुवात सातवी-आठवीच्या मुलालाही कळेल अशा गोष्टीपासून करू. पेट्रोल इंजिन चार टप्प्यांत चालतं: हवा आणि पेट्रोल आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं. आत घेण्याचं दार म्हणजे इनटेक व्हॉल्व्ह आणि बाहेर टाकण्याचं दार म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ही दारं कॅमशाफ्ट नावाचा दांडा उघडतो. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा आला की व्हॉल्व्ह दाबला जातो, गेला की स्प्रिंगने बंद होतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १५०० वेळा, सेकंदाला २५ वेळा उघडतो. (हे गणित वर्गात जरूर द्या, मुलांचा विश्वास बसत नाही.)

आता खरी अडचण. इंजिन जागेवर ७५० फेऱ्यांवर चालू असताना पिस्टनच्या एका टप्प्याला ०.०४ सेकंद मिळतात. ६००० फेऱ्यांवर फक्त ०.००५ सेकंद. हवेलाही वजन असतं, ती एकदम पळत नाही आणि एकदम थांबतही नाही. शाळा सुटल्यावर गेटमधून पळणारी मुलं आठवा. घंटेनंतर दोन मिनिटांनी गेट लावायला गेलात तरी मागून लोंढा येतच असतो. तसंच वेगात असताना पिस्टन वर यायला लागला तरी हवेचा लोंढा आत येत राहतो, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह जरा उशिरा बंद केलेला फायद्याचा. पण हळू चालताना तोच उशीर नडतो, आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो. शिवाय जागेवर उभ्या इंजिनात दोन्ही दारं एकाच वेळी जास्त उघडी राहिली तर जळलेला धूर ताज्या हवेत मिसळतो आणि इंजिन थरथरतं. म्हणजे एकच वेळापत्रक सगळ्या वेगांना चालत नाही. जुन्या इंजिनांत मधला मार्ग काढून तेच कायम ठेवलं जायचं.

आपल्याकडे मराठवाड्यात ऊन वाढलं की शाळा सकाळची होते. तास तेवढेच, घंटा मात्र अलीकडे सरकते. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग म्हणजे व्हीव्हीटी अगदी हेच करतं. साध्या व्हीव्हीटीत दार किती वेळ उघडं राहणार हे बदलत नाही; कधी उघडणार आणि कधी बंद होणार एवढंच पुढंमागं होतं.

हे घडतं कसं? कॅमशाफ्टच्या टोकाला टायमिंग चेनचं दातेरी चाक असतं. व्हीव्हीटी इंजिनात ते चाक भरीव नसून एक गोल डबा असतो. डबा चेनबरोबर फिरतो. आत पाकळ्या असलेली एक फिरकी बसवलेली असते आणि कॅमशाफ्ट त्या फिरकीला जोडलेला असतो. पाकळीच्या दोन्ही बाजूंना इंजिन ऑईल भरायच्या पोकळ्या. एका बाजूला दाबाने ऑईल सोडलं की फिरकी डब्याच्या तुलनेत थोडी पुढं सरकते, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागं. झालं, घंटा बदलली! या भागाला फेजर म्हणतात. ऑईल कोणत्या बाजूला सोडायचं हे ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह ठरवतो. तो विजेवर चालतो आणि त्याला हुकूम देतो गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. क्रँक आणि कॅम कुठे आहेत हे दोन सेन्सर त्याला सतत कळवत असतात. इंजिन बंद असताना ऑईलला दाब नसतो, म्हणून फिरकी हलू नये यासाठी एक छोटी पिन तिला जागेवर अडकवून ठेवते.

होंडाचं व्हीटेक थोडं वेगळं आहे. १९८९ मध्ये जपानमधल्या होंडा इंटेग्रात ते आलं. त्यात वेग वाढला की ऑईलच्या दाबाने एक पिन सरकते आणि व्हॉल्व्ह दुसऱ्या, जास्त उंच उंचवट्यावर चालू लागतो. म्हणजे दार जास्त उघडतं आणि जास्त वेळही. आपल्या राज्यातलं उदाहरण हवं असेल तर पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार होणारी जीप कंपास घ्या. २०१७ मध्ये ती आली तेव्हा तिचं पेट्रोल इंजिन १.४ लिटरचं मल्टीएअर होतं. त्यात कॅम थेट इनटेक व्हॉल्व्ह दाबत नाही. मध्ये ऑईलचा स्तंभ असतो. कॅम ऑईल ढकलतो, ऑईल व्हॉल्व्ह ढकलतं. मधूनच ऑईल सोडून दिलं की दार अर्धंच उघडतं. बोलेरोसारख्या डिझेल गाड्यांत मात्र साधारणपणे हा प्रकार नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांनी इथून पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

लक्षात आलं असेल, सगळीकडे एकच गोष्ट काम करतेय: इंजिन ऑईल. इथे ऑईल फक्त वंगण नाही, ते हातपाय आहे. म्हणून व्हीव्हीटीची निम्म्याहून जास्त सर्व्हिसिंग म्हणजे वेळेवर ऑईल बदलणं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑईल टाका. पुस्तकात ०डब्ल्यू-२० असेल आणि कुणी "आपल्याकडं ऊन लई, जाड ऑईल बरं" म्हणत २०डब्ल्यू-५० ओतलं, तर थंड इंजिनात ते बारीक वाटांमधून वेळेत पोचत नाही. किलोमीटर आणि महिने, यातलं जे आधी भरेल ते धरा. घर ते शाळा चार किलोमीटर, एवढीच गाडी चालत असेल तर महिन्यांकडे जास्त लक्ष द्या. एवढ्याशा अंतरात ऑईल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी आणि पेट्रोलची वाफ उडून जात नाही आणि काळा गाळ धरतो. आपल्या रस्त्यांची धूळ पाहता एअर फिल्टरही वेळेवर बदलायला हवा. ऑईलची पातळी पंधरवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असताना, स्वतः बघा. पातळी कमी असली तरी व्हीव्हीटीची तक्रार येते.

बिघाड ओळखायचा कसा? फेजर पुढच्या बाजूला अडकला तर गाडी जागेवर थरथरते, कधी सिग्नलला बंद पडते. मागच्या बाजूला अडकला तर तुळजापूरच्या घाटात ओढ लागत नाही, पेट्रोलही जास्त खाते. सकाळी चालू करताना दोन-तीन सेकंद खडखड आवाज येऊन थांबत असेल तर फेजरची पिन झिजल्याचा संशय घ्यावा.

गॅरेजमध्ये आधी स्कॅनर लावायला सांगा आणि कोड लिहून घ्या. पी००११ म्हणजे इनटेक कॅमशाफ्ट हवा त्यापेक्षा पुढं आहे. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाही, तिथे चेन सैल झाली आहे का ते बघावं लागतं. पी००११ आला म्हणून लगेच फेजर बदलायचा नसतो. क्रम असा: ऑईलची पातळी आणि ग्रेड, मग वायरचं कनेक्टर, मग ऑईल कंट्रोल व्हॉल्व्ह. बऱ्याच गाड्यांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या वरच्या भागात, चेनच्या बाजूला एका बोल्टवर बसलेला असतो. बाहेर काढला की जाळी दिसते. तिथे गाळ अडकलेला असला तर अर्धं उत्तर मिळालं. कार्बोरेटर क्लीनरने साफ करून, मल्टीमीटरने कॉईल मोजतात. टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश तापमानाला ती ६.९ ते ७.९ ओहम असायला हवी. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस पुस्तकातून घ्या. क्षणभर १२ व्होल्ट दिले की आतला दांडा 'टक्' करून सरकतो. जास्त वेळ दिले तर कॉईल जळते. बसवताना रबराची रिंग नवीन टाका, नाहीतर तिथून ऑईल गळेल. हे सगळं करूनही कोड परत आला, तरच चेन आणि फेजरकडे वळायचं, आणि ते काम मात्र टायमिंगच्या खुणा जुळवता येणाऱ्या माणसाच्याच हातून.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच फोनवर सांगा, "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा, गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. पहिल्या स्टार्टचा आवाज ऐका, ऑईलच्या झाकणाखाली बोट फिरवून गाळ आहे का बघा, आणि सर्व्हिसची बिलं मागा.