घरातील साठवणपेटी : तिचे वार्धक्य आणि आपले कर्तव्य

गेल्या आषाढातील गोष्ट. बाहेर मुसळधार पाऊस कोसळत होता आणि वीज दिवसातून तीनचार वेळा येत-जात होती. अशा एका संध्याकाळी आमच्या घरातील एका लहानशा काळ्या पेटीवरील हिरवा दिवा तांबडा झाला. पेटी आकाराने चारसहा जाड पुस्तकांच्या गठ्ठ्याएवढी. परंतु तिच्या पोटात आमच्या कुटुंबाची अनेक वर्षांची छायाचित्रे होती, घराच्या दस्तऐवजांच्या प्रती होत्या, आणि सर्वांत मोलाची म्हणजे, आता हयात नसलेल्या आमच्या आजीच्या आवाजातील धालोंची कोंकणी गीते होती. पौषातील चांदण्या रात्री मांडावर म्हणावयाची ती गीते आजीला मुखोद्गत होती. त्यांतील कित्येक आज आमच्या वाड्यावर दुसऱ्या कोणासही येत नाहीत. दिवा तांबडा झालेला पाहून घरातील सर्वांच्या तोंडचे पाणी पळाले, ते पेटीसाठी नव्हे, त्या आवाजासाठी.

अशा पेट्या आता अनेक घरांतून दिसू लागल्या आहेत. त्या कशा चालतात, म्हाताऱ्या कशा होतात आणि झाल्या म्हणजे काय करावे, हे विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावे, असे मनात आले. मी भाषेचा शिक्षक. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जे शिकलो ते गरजेपोटी.

या पेटीला व्यवहारात ‘नॅस’ म्हणतात. घरातील राउटरला जोडलेले हे साठवणयंत्र होय. एखाद्या संगणकातील हार्ड डिस्क ही त्या संगणकापुरती असते. ही पेटी मात्र वाड्यावरील विहिरीसारखी सर्वांची. आईचा मोबाइल, वडिलांचा संगणक, मुलांचा टॅब, ज्याला हवे त्याने तिच्यात ठेवावे आणि हवे तेव्हा तिच्यातून काढावे.

तिच्या पोटात बहुधा दोन किंवा अधिक हार्ड डिस्क असतात. हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या, सतत फिरणाऱ्या चकत्या. १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने असे पहिले यंत्र विक्रीस आणले. त्यात ५० मोठ्या चकत्या होत्या, वजन एक टनाहून अधिक होते, आणि त्यात मावत होती केवळ ५० लाख अक्षरे! आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लक्षावधी पट मजकूर बसतो. तथापि मूळ रचना तीच राहिली : चकती फिरते आणि वाचनलेखन करणारे शीर्ष तिच्यावरून अत्यल्प अंतर राखून तरंगत जाते.

आता थोडे गणित करू. डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेत असेल, तर दिवसाला ७७ लाख ७६ हजार फेरे होतात, आणि अखंड चाललेल्या दहा वर्षांत सुमारे २८३८ कोटी! इतके फिरणारे यंत्र कधी ना कधी थकणार, यात नवल ते काय? शिवाय आमच्याकडील पावसाळी दमट हवा, पंख्यात साचणारी धूळ आणि अवचित जाणारी वीज ही त्याच्या थकव्यात भर घालतात.

एक डिस्क बंद पडली तरी मजकूर राहावा, यासाठी ‘रेड’ नावाची योजना असते. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघा संशोधकांनी ती एका निबंधातून मांडली. तिच्या सर्वांत सोप्या प्रकारात दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो. एक आजारी पडली तर दुसरी काम चालू ठेवते. यास आरसा-पद्धती म्हणता येईल.

परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते, आमचीही झाली. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची छायाचित्रे पुतण्याच्या हातून चुकून पुसली गेली. ‘दोन डिस्क आहेत ना, दुसरीवर असतील,’ असे थोरले बंधू म्हणाले. नव्हती. पहिलीवरून पुसली त्याच क्षणी ती दुसरीवरूनही पुसली गेली होती. नवरदेवाने मुंडावळ्या सोडल्या, तर आरशातल्या नवरदेवाच्या कपाळी त्या कशा राहतील? प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. पण शिकून स्वस्थ बसलो, हा आमचा दुसरा अपराध.

यंत्राचे आणखी एक वार्धक्य असते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पेटी चालविणाऱ्या आज्ञावलीतील दोष निर्माते वेळोवेळी दुरुस्त करून पाठवीत असतात. काही वर्षांनी ते त्या पेटीसाठी दुरुस्त्या पाठविणे थांबवितात. मग ती पेटी जुनाट कुलपाच्या घरासारखी होते. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्यांना २०१५ नंतर दुरुस्त्या मिळाल्या नव्हत्या. २०२१ च्या जूनमध्ये अज्ञात लोकांनी इंटरनेटवरून शिरकाव करून जगभरातील अशा कित्येक पेट्या रिकाम्या केल्या. डिस्क ठणठणीत होत्या, मजकूर गेला.

तेव्हा दुरुस्ती करावी की नवी पेटी घ्यावी? याचे उत्तर एका प्रश्नात आहे : निर्माता अजून दुरुस्त्या पाठवितो काय? पाठवीत असेल आणि केवळ एक डिस्क बिघडली असेल, तर तीच बदलावी. मात्र नवी डिस्क घातल्यावर जुनी सोबतीण अथपासून इतिपर्यंत वाचली जाते. ती सहसा तितकीच म्हातारी असते, आणि याच श्रमात तीही मान टाकण्याचा संभव असतो. म्हणून आधी प्रत, मग दुरुस्ती. दुरुस्त्या थांबल्या असतील, तर पेटीच बदलणे श्रेयस्कर. आमची पेटी २०१३ ची. तिच्या दुरुस्त्या केव्हाच थांबल्या होत्या.

त्या रात्री बंधूंनी प्रथम एक साधी बाह्य डिस्क जोडून आजीची गीते तिच्यावर उतरविली. ती पूर्ण उतरेपर्यंत घरात कोणी झोपले नाही. पुढे नवी पेटी आली, तेव्हा आम्ही जो क्रम पाळला तो असा. जुन्या डिस्क काढून नव्या पेटीत खुपसल्या नाहीत, कारण नवी पेटी अशा डिस्क अनेकदा आधी कोऱ्या करून घेते. दोन्ही पेट्या राउटरला तारेने जोडल्या आणि मजकूर एकीतून दुसरीत नेला. सेकंदाला ११० मेगाबाइटचा वेग धरला, तर दोन टेराबाइट मजकुरास सुमारे पाच तास लागतात. लहान लहान फायली पुष्कळ असल्या तर अधिक. नंतर दोहोंकडील फायलींची संख्या व आकार ताडून पाहिले, आणि काही छायाचित्रे व गीते प्रत्यक्ष उघडून पाहिली. जुनी पेटी दोन महिने तशीच ठेवली. मोडीत देताना तिच्यातील मजकूर पूर्णपणे पुसून टाकावा, हेही विसरू नये.

आता आमच्याकडे तीन प्रती आहेत : एक नव्या पेटीत, एक कपाटातील बाह्य डिस्कवर आणि एक बेळगावास मावशीकडे. दर दिवाळीला मावशीकडील डिस्क अद्ययावत होते. ज्यांना नवी पेटी परवडत नाही, त्यांनी दोन बाह्य डिस्क घेऊन एक नातलगाकडे ठेवली, तरी मुख्य काम साधते.

या संदर्भात आपल्याच भूमीतील एक उदाहरण आठवते. फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे त्याच शतकात आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र वाचला. कारण लोकांनी तो हाताने उतरून घेतला होता, आणि त्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी होत्या. त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला.

विद्यार्थिमित्रहो, आधार जुना होतच असतो, मग तो कागद असो वा डिस्क. जुना आधार हातात असतानाच नवी प्रत करणे, हे मागील पिढ्यांनी केले. आता ते आपणांकडे आले आहे. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा : ‘आपल्या आजीचा आवाज किती ठिकाणी ठेवलेला आहे?’ उत्तर ‘एकाच’ असे आले, तर दिवा तांबडा होण्याची वाट पाहू नका.