रोख नांदेडला, उधार गावात

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या हॉस्टेलमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. मेसचा नाश्ता झाला की चार-पाच जण पैसे गोळा करतात, पाठीवरच्या सॅक रिकाम्या करतात आणि शहरातल्या सवलतीच्या मोठ्या दुकानात जातात. साबण, तेल, बिस्किटं, मॅगी, कपडे धुण्याची पावडर, महिन्याभराचं सगळं एकदम. परत येताना बिलाच्या तळाशी छापलेली ओळ प्रत्येकजण मोठ्यानं वाचतो : 'आपण इतके रुपये वाचवले.' आणि जणू तेवढे रुपये आपण कमावलेच, अशा थाटात आम्ही चहा पितो.

या कार्यक्रमात मीही असतो. हे आधीच कबूल करतो, कारण माझ्या वडिलांचं किराणा दुकान आहे. हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात कुरुंदा हे माझं गाव. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो.

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा कपड्यांच्या घडीतून असंच एक बिल खाली पडलं. अण्णांनी ते उचललं, चष्मा लावला आणि एकेक ओळ वाचत गेले. मला वाटलं, रागावतील. ते रागावले नाहीत. साबणाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "लेका, हा साबण मला एजन्सीकडून ज्या भावात पडतो, त्याच्याहून स्वस्त तू विकत आणला. आता मी माल एजन्सीकडून भरू, का तुझ्या दुकानातून?"

मी हसलो. पण रात्री झोप लागेना. आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, कोणतंही यंत्र दिसलं की ते चालतं कसं हे विचारतो. मग हे स्वस्ताईचं यंत्र चालतं कसं, आणि त्याच्या रेट्यात अण्णांच्या दुकानाचं काय होतं, हे एकदा नीट मांडून बघावं असं ठरवलं. हा लेख म्हणजे तीच मांडणी.

स्वस्त देणं परवडतं कसं?

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. राधाकिशन दमाणी यांच्या डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला सुरू झालं. मार्च २०१७ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. मार्च २०२५ अखेर तिची दुकानं चारशेच्या वर गेली होती आणि २०२४-२५ या वर्षाची विक्री ५७ हजार कोटी रुपयांच्या पुढे होती. यात जादू काही नाही. तीन-चार साध्या गोष्टी आहेत, पण त्या सगळ्या एकाच वेळी केल्या जातात.

पहिली गोष्ट, बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या. त्यामुळे दर महिन्याच्या भाड्याचा बोजा फार नाही. दुसरी, थाटमाट नाही. माल रॅकवर, गिऱ्हाईक स्वतः उचलणार. तिसरी, पुरवठादाराचे पैसे थोड्याच दिवसांत चुकते करायचे आणि त्या बदल्यात जास्त सूट घ्यायची. चौथी, जो माल वेगाने खपतो तोच ठेवायचा. साठा साधारण महिन्याभरात फिरतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाईकाकडून पैसे जागेवर. उधारीचा प्रश्नच नाही.

आता अण्णांकडे तोच साबण कसा येतो ते बघा. कंपनीकडून डेपो, डेपोतून एजन्सी, एजन्सीच्या टेम्पोतून आमचं दुकान. प्रत्येक टप्प्यावर थोडी थोडी टक्केवारी कापली जाते. मोठं दुकान हजारो पेट्या थेट कंपनीकडून उचलतं. अण्णा एक पेटी घेतात, कधी अर्धीच. भाव सारखा कसा असेल?

ही तक्रार फक्त कुरुंद्याची नाही. वितरकांच्या अखिल भारतीय महासंघाने २०२१ च्या शेवटी हाच मुद्दा कंपन्यांपुढे मांडला होता. ठोक विक्रीत उतरलेल्या बड्या कंपन्यांना आणि ऑनलाइन ठोक व्यापाऱ्यांना जो भाव मिळतो तोच आम्हाला द्या, ही त्यांची मागणी. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा थांबवून पाहिला. अण्णांनी बोट ठेवलं ती ओळ म्हणजे याच भांडणाचं शेवटचं टोक.

आणखी एक गोष्ट. पाकिटावर छापलेली एमआरपी ही कायद्याने जास्तीत जास्त किंमत असते, ठरलेली किंमत नव्हे. त्यामुळे 'वाचवले' हा आकडा छापील किमतीच्या तुलनेत असतो. गावातला दुकानदारही ओळखीच्या माणसाला दोन रुपये कमी लावतोच, फक्त ते बिलावर छापत नाही. सुटी साखर, डाळ, शेंगदाणे यांवर तर एमआरपीच नसते. तिथे खरी तुलना करायची तर भाव आणि मालाची प्रत दोन्ही बघावी लागते.

वहीचं गणित

हे झालं भावाचं. पण मी वही चाळली तेव्हा लक्षात आलं, की भाव हा आमच्या दुकानाचा मोठा आजार नाहीच. मोठा आजार वेगळा आहे.

आमच्या भागात घरात पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही. सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या सुमारास येतात. हळद जूनच्या आसपास लावली की फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची आणि मग वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात न्यायची. तोपर्यंत चहा-साखर, तेल-मीठ कुठून यायचं? अण्णांच्या वहीतून. 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी आमच्याही दुकानात आहे, पण ती गिऱ्हाईकही वाचत नाही आणि अण्णाही.

आकडे सोपे करून सांगतो. हे आमचे खरे आकडे नाहीत, फक्त समजण्यासाठी आहेत. समजा दुकानात एक लाख रुपये अडकलेले आहेत आणि रुपयामागे आठ पैसे सुटतात. त्यातले ५० हजार रोखीच्या मालात. हा माल दर महिन्याला फिरतो, म्हणजे वर्षात सहा लाखांची विक्री आणि ४८ हजार सुटतात. उरलेले ५० हजार उधारीत. उधारी सहा महिन्यांनी येते, म्हणून हे पैसे वर्षात दोनदाच फिरतात. विक्री एक लाख, सुटले ८ हजार. एकूण ५६ हजार.

आता गावाजवळ, म्हणजे तास-दीड तासावर, मोठं सवलतीचं दुकान सुरू झालं. तिकडे कोण जाणार? ज्याच्या हातात एकदम दोन-तीन हजार रुपये आहेत आणि जायला गाडी आहे तो. म्हणजे पगारदार शिक्षक, नोकरदार, बरी शेती असलेला माणूस. थोडक्यात, आमचं रोखीचं गिऱ्हाईक. समजा त्यातलं निम्मं गेलं. रोखीची विक्री तीन लाखांवर, सुटणार २४ हजार. उधारीचे ८ हजार तसेच. एकूण ३२ हजार. विक्री सात लाखांवरून चार लाखांवर आली. हातात पडणारे पैसे ५६ वरून ३२ हजारांवर आले. दुकानाचं लाईट बिल मात्र तेवढंच.

म्हणजे मोठं दुकान आमच्याकडून सरसकट गिऱ्हाईक नेत नाही. ते रोखीचं गिऱ्हाईक निवडून नेतं आणि उधारीचं आमच्याकडे ठेवतं. आणि इतकी वर्षं रोखीच्या त्या नफ्यावरच तर उधारी पोसली जात होती! उद्या अण्णांनी 'उधारी बंद' म्हटलं तर शिक्षकाच्या घरी काही फरक पडणार नाही. फरक पडेल तो हळदीच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बाईच्या घरी. तिला नांदेडला जायचं भाडं परवडत नाही, पाच किलोचं पॅक परवडत नाही आणि तिथं तिच्या नावाची वहीही नाही.

याचा अनुभव गावाने दोनदा घेतलाय. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, गाड्या बंद झाल्या, तेव्हा सगळं गाव आपापल्या गल्लीतल्या दुकानावर आलं. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीने कुरुंद्यात पाणी घुसलं, घराघरातलं धान्य भिजलं. आमच्या दुकानात खालच्या फळीवरची साखर आणि पिठाची पोती गेली. तरी वरच्या फळीवरचं जे वाचलं ते अण्णांनी वाटलं आणि वहीत लिहून ठेवलं. त्यातली काही खाती अजून मिटलेली नाहीत. अण्णा ती पानं उलटतात आणि पुढे जातात.

हे आधी कुठे घडलंय?

अमेरिकेत सॅम वॉल्टन यांनी १९६२ मध्ये वॉलमार्टचं पहिलं दुकान काढलं, तेही आर्कान्सामधल्या रॉजर्स या छोट्या गावात. पुढे आयोवा राज्यात केनेथ स्टोन या प्राध्यापकांनी अशा दुकानांचा परिणाम वर्षानुवर्षं मोजला. त्यांना दिसलं, की ज्या गावात मोठं दुकान येतं तिथे आजूबाजूचे लोक येतात, त्यामुळे तिथल्या हॉटेलांना किंवा वेगळा माल विकणाऱ्यांना फायदाही होतो. खरा मार बसतो आसपासच्या लहान गावांना. त्यांचं गिऱ्हाईक बाहेर जातं आणि बदल्यात काहीच येत नाही. नांदेड आणि कुरुंदा यांचं नातं हेच नाही का?

आपल्याकडे केंद्र सरकारसाठी इक्रिअर या संस्थेने २००८ मध्ये असाच अभ्यास केला. मोठ्या दुकानाशेजारच्या लहान दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीला घटतो, पण हा फटका काळानुसार कमी होत जातो, असं त्यात निघालं. हेही नोंदवायला हवं, नाहीतर लेख एकतर्फी होईल. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये किराणा क्षेत्रात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी मिळाली तेव्हा देशभर बंद झाले. सगळी चर्चा 'परदेशी येणार' यावर. प्रत्यक्षात जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचल्या त्या बहुतेक देशी साखळ्या. आणि त्यांनाही यश बांधून दिलेलं नाही. चेन्नईची सुभिक्षा २००९ मध्ये कोसळली. २००१ मध्ये सुरू झालेलं बिग बझार २०२२ मध्ये संपलं. जी दुकानं उधारीवर वाढली ती पडली. इथे मात्र उधारी गिऱ्हाईकाची नव्हती, मालकाची होती.

मग करायचं काय?

'मोठ्या दुकानात जाऊ नका' असं मी म्हणणार नाही. मीच जातो. हॉस्टेलच्या पोराला महिन्याला दीडशे-दोनशे वाचले तर ते महत्त्वाचेच. गरिबाला डाळ स्वस्त मिळाली तर वाईट काय?

पण मोठ्या दुकानाची एक युक्ती कुणाच्या बापाची नाही : एकत्र खरेदी. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच करते. शेजारपाजारची कुटुंबं मिळून गट करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, ठोक भावात माल येतो आणि लोक आपसात वाटून घेतात. कोल्हापूरकडे वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारातून वारणा बाजार उभा राहिला, तोही ग्रामीण भागात. म्हणजे खेड्यात हे होत नाही असं नाही.

कुरुंद्यातले आठ-दहा दुकानदार आज एकाच एजन्सीकडून वेगवेगळी अर्धी-अर्धी पेटी घेतात. त्यांनी निदान साखर, तेल, साबण, पावडर एवढ्या चार वस्तूंची मागणी एकत्र केली, पैसे रोख दिले, तर भाव नक्की खाली येईल. दिवाळीच्या सुट्टीत मी एका वहीत तीन दुकानांची महिन्याची यादी मांडून दाखवली. अण्णा म्हणाले, "हिशोब बरोबर आहे. पण शेजारच्याला माझा खप किती ते कळेल ना!" म्हणजे अडचण गणितात नाही, विश्वासात आहे. तिचं सूत्र आपल्या कोणत्याच सेमिस्टरला नाही. तरी चारपैकी साखरेपुरतं दोघे तयार झालेत. बघू.

मित्रांनो, पुढच्या रविवारी बिलाच्या तळाची ओळ जरूर वाचा. फक्त घरी गेलात की गल्लीतल्या दुकानात आपल्या घराचं खातं किती आहे, तेही एकदा विचारा. आणि हातात रोख असेल तर निदान ते खातं आधी मिटवा. मोठ्या दुकानाला तुमचे दोनशे रुपये कळणारही नाहीत. वहीवाल्याला त्यातून पुढच्या आठवड्याचा माल भरता येतो, आणि त्या मालातला काही भाग पुन्हा ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या घरी जातो.

आमच्या हॉस्टेलची मेससुद्धा, बरं का, महिनाअखेरीला पैसे देतो म्हणून आपल्याला रोज जेवू घालते. आपणही कुणाच्या तरी वहीत आहोतच.